सिंधूच्या हातची चिवळ

चिवळीची भाजी करायला सोपी आणि निवडायला जीवघेणी. ही भाजी ज्यानं पहिल्यांदा आवडीनं खाल्ली, त्याच्या घरी निवडणारी बाई दुसरीच कोणीतरी असणार, असं भागीरथेचं पक्कं मत होतं. नखाएवढी पानं, दोऱ्याएवढी देठं, मुळाला चिकटलेली वाळू, मधेमधे गवताच्या काड्या. हे सगळं वेगळं करता करता सकाळ सरते, मान आखडते, आणि शेगडीवर घातली की भाजी बघता बघता शिजते. सूपभर टाकावी तर कढईच्या तळाशी मूठभर होऊन बसते. एरवी भागीरथा असल्या भाजीच्या वाटेला जात नसे. पण त्या रविवारी तिनं इतवारीच्या बाजारातून मुद्दाम चिवळ आणली, चांगली सूपभर, आणि त्यामागं तिचा एक कावा होता.

खापरखेड्याहून तिची नणंद सिंधूताई येणार होती. सिंधूताईनं आपल्या आईला, म्हणजे भागीरथेच्या सासूला, निदान उन्हाळाभर तरी आपल्याकडं न्यावं, एवढंच भागीरथेला हवं होतं. जास्त काही नको होतं. पाऊस लागला की आणून सोडा म्हणावं, पुन्हा सांभाळते. पण तेवढे दिवस तिला झोप हवी होती. आणीबाणी उठली त्या वर्षीचा तो उन्हाळा. सगळ्या देशाची उठली, भागीरथेची काही उठली नव्हती.

लकडगंजात लाकूड विकायच्या एका टालामागं त्यांच्या दोन खोल्या. नवरा लहानू शेजारच्याच आरा मशीनवर कामाला. पोरगी सुमती लग्न होऊन वर्ध्याला गेलेली. घरात उरली ती भागीरथा आणि सासू तुळसाबाई, दिवसभर एकमेकींच्या तोंडासमोर. तुळसाबाई एके काळची करारी बाई. चार दिवस सासूचे आणि चार दिवस सुनेचे म्हणतात, पण त्या घरात सासूचे चार दिवस काही संपले नाहीत. आणि भागीरथेचे सुरू व्हायच्या बेताला आले, तेव्हा म्हातारीच्या डोक्याची घडीच विस्कटली.

म्हणजे वेड नव्हे. डॉक्टरनं तर वयाचं आहे म्हणून एक टॉनिक लिहून हात झटकले. पण भाकरीचे तुकडे उशीखाली ठेवायचे, रात्री कडी काढून शेतावर जायला निघायचं, धरून आणलं तर शेजाऱ्यांना हाका मारायच्या, असं सुरू झालं. भागीरथा पूर्वी घरी विड्या वळायची, तेही सोडावं लागलं. म्हातारीनं एकदा तिची भिजवलेली तेंदूची सगळी पानं विळीवर चिरून ठेवली आणि कढई कुठं आहे म्हणून विचारलं. आणि सगळ्यात जिव्हारी लागायचं ते हे, की सून समोर उभी असताना म्हातारी तिलाच सांगायची, "माझ्या सुनेले बोलाव वं बाई. कुठं उलथली तं कोण जाणे." भागीरथा मग म्हणायची, येईल थोड्या वेळानं. दुसरं काय म्हणणार?

नवऱ्यानं बहिणीशी बोलावं, असं तिनं आडून, उघडून, रडून, सगळ्या परीनं सांगून पाहिलं होतं. खापरखेड्याला जाणाऱ्या एका ट्रकवाल्याच्या हाती लहानूनं निरोप तेवढा धाडला, की एकदा येऊन जा. पण रविवार उजाडला तसा त्याचा धीर सुटला.

"तुमी सांगा न तुमच्या बहिणीले," भागीरथा म्हणाली.

"मी कसा सांगू? ताई म्हणन, पोरगा असून तुले माय जड झाली काय."

"आन् मी सांगतलं तं काय म्हणन मंग? सुनेले तं ते आधीच म्हणन."

"तुमी बाया बाया. तुमचं आपसात होऊन जाते," असं म्हणून लहानूनं चपला घातल्या. मालकाचा सागाचा ट्रक येऊन राहिला म्हणे. रविवारी साग कोण उतरवतं ते लहानूलाच ठाऊक. आरा मशीनवरच्या थोराड लाकडाला न भिणारा हा माणूस थोरल्या बहिणीपुढं मात्र भिजल्या मांजरासारखा व्हायचा.

तेव्हा भागीरथेनं स्वतःच डोकं लढवलं. आदल्या आठवड्यात तिनं म्हातारीपुढं चिवळ निवडायला ठेवली होती. म्हातारीनं तासभर मान खाली घालून काम केलं, आणि बघते तर सगळी पानं नालीत, आणि सुपात मुळं आणि काड्या नीट जुळवून ठेवलेल्या. तेव्हा भागीरथा कपाळाला हात लावून बसली होती. पण आता तिला वाटलं, हेच ताईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तर? मग आपल्याला तोंड उघडायचीही गरज नाही. साप भी मरे और लाठी भी न टूटे.

सिंधूताई आली ती घामानं निथळत, कॉलनीतल्या झाडाच्या कैऱ्यांची पिशवी घेऊन. अंगानं भरलेली, बोलायला मोकळी, मनानं वाईट मुळीच नाही. नवरा मनोहरराव बिजलीघरात पाळीवर, घरी दोन पोरं, दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि धुतलेल्या कपड्यांवर बारा महिने राख. आपल्याला किती कामं आहेत हे ती दारातच सांगायला लागली, आणि सांगत सांगतच आईच्या पायाशी वाकली.

तुळसाबाई धुतलेलं लुगडं नेसून, विंचरलेल्या केसांनी पलंगावर बसली होती. तिनं डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा. उन्हाच्या आल्या. बसा न, खाली काहून बसता?" आणि आतल्या बाजूला तोंड करून म्हणाली, "पाणी दे न वं कोणी यांले."

सिंधूताई हसली. "पाह्य वं भागीरथा, माय मले अहो-जाहो करून राहिली. लय दिवसानं आली म्हणून टोमणा मारते. मार वं माय, तुले अधिकार हाय."

टोमणे मारण्यात म्हातारीचा हात कोणी धरला नसता, त्यामुळं भागीरथेलाही ते तसंच वाटलं. शिवाय तिचं चित्त सुपाकडं होतं.

पाणी झालं, कैऱ्या झाल्या. तुळसाबाईनं विचारलं, पोट्टे बरे आहेत ना, मालक ड्यूटीवर असतील, यंदा ऊन लय आहे, तुमच्या तिकडं पाण्याचं कसं. सिंधूताईनं सगळ्याची भरभरून उत्तरं दिली. म्हातारी प्रत्येक उत्तराला मान हलवत होती. भागीरथा मनातल्या मनात चरफडली. रोज सकाळी आपण कोणत्या गावी आहोत हे विचारणारी बाई, आज पाहुणी आली तर पाण्याची चौकशी करते.

तिनं सूप उचलून म्हातारीच्या पुढ्यात ठेवलं. "आत्याबाई, जराशी चिवळ निवडता काय? तवर मी कांदा चिरून घेतो."

आणि विळी घेऊन ती समोरच बसली, एक डोळा कांद्यावर आणि एक सुपावर.

तुळसाबाईनं पहिली काडी उचलली. मूळ खुडून बाजूला टाकलं. पिवळं पान काढलं. कोवळा शेंडा सुपाच्या दुसऱ्या अंगाला ठेवला. मग दुसरी काडी. मग तिसरी. हात असे चालले होते, की ह्याच हातांनी आठ दिवसांमागं पानं नालीत टाकली हे शपथेवर सांगितलं असतं तरी कोणी खरं मानलं नसतं. मधे एकदा तर तिनं सिंधूताईला समजावून सांगितलं, "जून काडी तेवढी टाकाची. कवळी राहू द्याची, तिच्यातच चव असते. आजकालच्या बाया समदंच फेकतेत."

"माय तं ठणठणीत हाय वं," सिंधूताई खुशीनं म्हणाली. "ट्रकवाल्यानं असं तोंड करून निरोप सांगतला, मी रातभर घाबरून होती. लहान्याची तं मेली सवयच हाय, काडीचा डोंगर कराची."

भागीरथेला असा राग आला, की कांद्याबरोबर बोटही कापलं असतं. तिला वाटलं, आता तरी चुकावं म्हातारीनं. एक तरी मूळ सुपात ठेवावं, एक तरी पान फेकावं. असं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. एका म्हाताऱ्या जिवानं चुकावं म्हणून आपण डोळे लावून बसलो आहोत, हे काही चांगल्या घरच्या सुनेचं लक्षण नव्हे. पण लाज वाटली म्हणून थकवा कमी होत नाही. तिनं कांदा बाजूला केला आणि जे बोलायचं नाही असं ठरवलं होतं ते बोलायला लागली.

"ताई, आत्याबाई रात्री कडी काढून चालल्या जातेत. मी दाराले आडवी झोपतो."

"म्हाताऱ्या माणसाले झोप नसते वं. आन् माय सारी जिंदगी पहाटी उठून वावरात गेली. सवय हाय ते."

"भाकरीचे तुकडे उशीखाली ठेवतेत. मुंग्या होतेत."

"गरिबीतून आली न माय. अन्नाची कदर हाय तिले."

"मलेच इचारतेत, माझी सून कुठं हाय म्हणून."

सिंधूताई यावर मोठ्यानं हसली. "ते तं तुले कामाले लावाले म्हणत असन. मायले वळखत नाही काय तू?"

दुरून डोंगर साजरे असतात, आणि खापरखेडा फार दूर नसलं तरी तेवढं अंतर पुरतं. तुळसाबाई ह्या दोघींचं बोलणं शांतपणे ऐकत होती, जणू शेजारच्या कोणा घरची गोष्ट चालली आहे. चिवळ निवडून झाली. एकही मूळ राहिलं नव्हतं.

भागीरथा सूप घेऊन मागच्या खोलीत गेली. भाजी परातीत पाण्यात बुडवली, वर काढली, तळाशी वाळू दिसली, पाणी फेकलं, पुन्हा बुडवली. वाळू जाईपर्यंत हेच करायचं असतं, नाहीतर दाताखाली कचकचते. पाठ भरून आली होती. संध्याकाळच्या बसनं ताई निघून जाणार, लहानू दिवेलागणीला चोरासारखा येणार, आणि रात्री पुन्हा दारापाशी सतरंजी टाकायची. उद्याही तेच, परवाही. इतकं साधं मागणं होतं, आणि ते तिला नीट मागताही आलं नाही.

शेगडी पेटलेलीच होती. तिनं कढईत तेल ओतलं. लसणाच्या पाकळ्या वरवंट्याखाली जरा जास्तच जोरानं ठेचल्या आणि तेलात टाकल्या. त्या चांगल्या लालबुंद होऊ दिल्या, करपायच्या एक पाऊल अलीकडं, मग दोन सुक्या मिरच्या मोडून घातल्या. मिरचीचा ठसका घरभर गेला. दारात उभी राहून बोलणारी सिंधूताई खोकत मागं सरली. मग कांदा, मग सकाळी भिजवलेली मूठभर मुगाची डाळ, आणि वरून चिवळ. कढईवर हिरवा ढीग झाला. भागीरथेनं रागातच मिठाच्या डब्यात हात घातला आणि त्या ढिगाच्या मानानं मूठ भरली.

"आत्ता नको टाकू मीठ," मागून आवाज आला. तुळसाबाई चौकटीला धरून उभी होती. "भाजी बसू दे आधी. मंग टाक, इतकंसं."

बरोबर होतं. पालेभाजी ढीगभर दिसते आणि मूठभर उरते, मीठ मागून घालायचं, हे पोरीसोरींनाही ठाऊक असतं. भागीरथेच्या हातून आजवर ही चूक झाली नव्हती. तिनं मूठ डब्यात रिकामी केली.

"पाह्यलं?" सिंधूताई म्हणाली. "तुह्यापेक्षा माह्या मायचं ध्यान जास्त हाय."

भाजी खाली बसली, पानांचा रंग काळपट हिरवा झाला, डाळ बोटानं दाबली तर दबली. तिनं चिमूटभर मीठ टाकलं, एकदा परतलं आणि कढई उतरवली.

पंगत अशी नव्हतीच. तीन ताटं, ज्वारीच्या भाकरी, वरण, भात आणि ती मूठभर भाजी. वाढताना तिनं पाहुणीला जास्त घातली, सासूला तेवढीच, आणि आपल्या ताटात कढईला लागलेलं पुसून घेतलं. दारावर ओलं पोतं टांगलं होतं तरी खोली तापली होती.

तुळसाबाईनं भाकरीच्या तुकड्यावर भाजी घेतली, तोंडात घातली आणि चावता चावता थांबली. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटलं ते भागीरथेनं लग्न होऊन आल्यापासून क्वचितच पाहिलं होतं.

"सिंधू," ती म्हणाली.

"काय वं माय?" सिंधूताईनं मान वर केली.

पण म्हातारी तिच्याकडं बघत नव्हती. ती भागीरथेकडं बघत होती.

"सिंधू, लसण बरोबर लाल केला बाई तू. लहानपणी चिवळ निवडाची म्हटलं तं पळून जात जाय. पण हात तुहा पहिल्यापासून चांगला."

सिंधूताईच्या हातातला घास हातातच राहिला. "माय, सिंधू मी हावो न. इकडं पाह्य."

तुळसाबाई तिच्याकडं वळली आणि हसली. अगदी अदबीनं हसली. "तुमचंबी नाव सिंधूच काय? चांगलं नाव हाय." मग आवाज जरा उतरवून म्हणाली, "राग नोका मानू बाई, पण तुमी कोणाच्या इथल्या? सकाळपासून पुसीन म्हणतो. पण पाव्हण्या माणसाले एकदम कसं पुसावं?"

सिंधूताईनं हातातला घास ताटात ठेवला.

भागीरथेला आता सगळा उलगडा झाला. ते अहो-जाहो, उन्हाची चौकशी, मालकांची, पाण्याची चौकशी. दारात परकी बाई आली की खानदानी घरच्या बाईनं जे जे विचारायचं, ते सगळं म्हातारीनं चोख विचारलं होतं. चिवळही तिनं पाहुण्यांदेखत निवडतात तशी निवडली, मन लावून, घराण्याला नाव ठेवायला जागा राहू नये अशी. पोटच्या पोरीसाठी नव्हतंच ते काही.

सिंधूताई ताटावरून उठली आणि मागच्या खोलीत जाऊन कोनाड्याकडं तोंड करून रडली. भागीरथा तिच्या मागोमाग गेली. तिला वाईट वाटत होतं, मनापासून वाटत होतं. पण खोटं कशाला सांगा, त्या वाईट वाटण्याच्या खाली तिला सुटल्यासारखंही झालं होतं. ताईनं आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आता ती नेईल.

सिंधूताईनं पदरानं डोळे पुसले. "कवापासून असं हाय वं?"

"झालं आता वर्ष. मी कवाची सांगून राहिली, ताई."

"मले वाटलं तुमचं सासू-सुनेचं काही असन." मग म्हणाली, "भागीरथा, आता मी तिले कशी नेऊ, सांग. तिकडं मी तिले परकी. परक्याच्या घरी कोंडल्यावानी होईन तिले. इथं तिची सिंधू हाय. तुलेच सिंधू मानते ते. तुह्यापाशीच राहू दे बाई तिले. मी हात जोडतो."

आणि तिनं खरंच हात जोडले.

भागीरथा त्या जोडलेल्या हातांकडं बघत राहिली. वर्षभर आपण केलं, उठबस केली, धुणं धुतलं, रात्री जागल्या, आणि त्याचं फळ हे मिळालं, की म्हातारीनं आपल्याला पोटची पोर केलं, आणि आता पोटची पोर झालो म्हणून सुटका नाही. न केलं असतं तर सुनेनं छळलं म्हणून तरी ताईनं आईला उचलून नेलं असतं. आणि मग ती बोलली. आवाज चढवून नाही, कारण आवाज चढवायलाही अंगात काही असावं लागतं.

"ताई, मी थकली. आत्याबाई मले सिंधू म्हणोत, का मोलकरीण म्हणोत, रातची झोप तं मले नाहीच. परवा उभ्या उभ्या डोळा लागला, शेगडीवर पडता पडता वाचली. कोणाचं कोण लागते ते मले नोका सांगू. मले झोप पायजे. पाऊस लागला का आणून घालजा, मी नाही म्हणणार नाही. पण आता न्या."

सिंधूताईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिलं. डोळ्याखालचे खड्डे, उन्हाळ्यातही पांढरे पडलेले ओठ. तिनं हात खाली घेतले.

"नेतो," ती म्हणाली. "पण येईन काय ते माह्यासंग? परक्या बाईसंग?"

हा प्रश्न होताच. तुळसाबाई जेवून, हात धुऊन, पुन्हा पलंगावर बसली होती. भागीरथा तिच्याजवळ गेली आणि खाली बसली. लग्नापासून आत्याबाई म्हणत आलेली तिची जीभ क्षणभर अडली.

"माय," ती म्हणाली.

"काय वं सिंधू?"

"ह्या बाई खापरखेड्याच्या हायेत. लय चांगल्या हायेत. यांच्या घरी मोठं अंगण हाय, आंब्याचं झाड हाय. काही दिवस जाऊन ये यांच्यासंग."

तुळसाबाईनं पाहुणीकडं एकदा पाहिलं. सिंधूताई भिंतीला टेकून उभी होती, आणि आपल्याच आईच्या होकाराची वाट बघत होती, मागणी घालायला आलेल्या माणसासारखी.

"तू म्हणतं तं जातो," म्हातारी म्हणाली. "तू काही खोटं सांगणार नाही मले."

भागीरथेनं मान खाली घातली आणि बोचकं बांधायला उठली. दोन लुगडी, एक चादर, टॉनिकची बाटली. भाकरीचे तुकडे उशीखाली होते ते तिनं काढले नाहीत, फडक्यात बांधून बोचक्यातच घातले. नसले तर म्हातारी कावरीबावरी व्हायची. रात्री कसं धरायचं, कशानं चिडते, कशानं शांत होते, हे तिनं सिंधूताईला हळू आवाजात सांगितलं आणि सिंधूताईनं या वेळी एकाही गोष्टीला फाटा फोडला नाही.

उन्हं उतरली तशी ती टालावर जाऊन लहानूला बोलावून आली. तो सागाच्या ओंडक्यावर एकटाच बसला होता, ट्रकबिक काही आला नव्हता. त्यानं काही न विचारता रिक्षा आणली, बोचकं पायाशी ठेवलं, आईला हाताला धरून बसवलं आणि आपल्या चपलांकडं बघत उभा राहिला. सिंधूताई आईच्या शेजारी बसली. भागीरथेनं म्हातारीच्या डोक्यावरचा पदर नीट केला.

तुळसाबाईनं तिचा हात धरला आणि तिला जवळ ओढलं. शेजारी परकी बाई बसली आहे, तिच्या कानावर घरची गोष्ट जाऊ नये, अशा बेतानं आवाज बारीक केला.

"सिंधू, तुले एक सांगतो. मी जातो ते भागीरथेसाठी जातो. मी घरी नसली का तेवढंच तिले झोपाले भेटन. लय थकली वं ते. मरमर मरते दिवसभर, आन् रातीबी मले धरून बसते. तिच्या तोंडावर मी कधी म्हणत नाही, सुनेले चढवू नये म्हणतेत. पण तू सांगजो तिले. माय म्हणे म्हणून सांगजो."

रिक्षावाल्यानं पायडलवर पाय ठेवला होता.

"सांगशील न?"

"सांगीन, माय," ती म्हणाली.

रिक्षा टालाच्या कोपऱ्यावरून वळली. लहानू तिच्या मागं सायकल घेऊन गेला, बस स्टँडपर्यंत. भागीरथा घरात आली. तीन उष्टी ताटं तशीच होती, सिंधूताईच्या ताटात भाजी तशीच राहिली होती. ती ताटं उचलायला वाकली आणि तिथंच खाली बसून रडायला लागली. खूप रडावंसं वाटत होतं. पण वर्षभराची झोप डोळ्यांवर होती, तिनं फार वेळ रडूही दिलं नाही. उष्ट्या ताटांपाशी, उघड्या फरशीवर, हाताची उशी करून ती झोपून गेली.